२ मीटर ६० सेंटीमीटर पट्टीवरच्या ५२ खुणा

आधी हे आठ आकडे बघा: २,०९,९६,०११, २,४०,३६,५८३, २,५९,६४,९५१, ३,०४,०२,४५७, ३,२५,८२,६५७, ३,७१,५६,६६७, ४,२६,४३,८०१ आणि ४,३१,१२,६०९. यातला कुठलाही आकडा घ्या, २ चा तेवढावा घात काढा आणि त्यातून १ वजा करा. उत्तर मूळ संख्या येतं, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच निःशेष भाग जात नाही. हा गुण इतका दुर्मीळ आहे की आजवर असे फक्त ५२ घातांक सापडलेत. त्यातले आठ या एवढ्याशा पट्ट्यात! याच्या आधीचा घातांक १,३४,६६,९१७, नंतरचा थेट ५,७८,८५,१६१.

आमच्या इमारतीत, पार्ल्यात, बारावीतला एक मुलगा आहे. त्याने ही यादी छापून आणली, आठही आकड्यांभोवती लाल पेनने गोल काढले आणि विचारलं, "काका, इथेच एवढी गर्दी का? काहीतरी कारण असणारच ना?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या आधी भल्याभल्यांना पडलाय. या संख्या "बेटां"सारख्या येतात, एक सापडली की आसपास आणखी शोधावं, असं मानणारे लोक बरीच वर्षं होते. माझं मत विचाराल तर बेटं दिसतात हे खरं आहे, पण ती बेटं असण्यामागे काही कारण आहे याचा पुरावा आकड्यांत नाही. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

या संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, मारँ मर्सेन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावरून. लिहायला सोपं जावं म्हणून २ च्या ७ व्या घातातून १ वजा केल्यावर जे येतं त्याला आपण म(७) म्हणू. म(७) म्हणजे १२७, म(५) म्हणजे ३१, म(३) म्हणजे ७. सगळ्या मूळ.

पहिली चाळणी अगदी सोपी आहे. घातांक स्वतः मूळ नसेल तर पुढे बघायचंच नाही. म(६) द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिला तर सहा एकं येतात, ११११११; त्यांचे तीन-तीनचे दोन गट करा, १११ आणि १११. म्हणजे १११ ने भाग जाणारच. आपल्या नेहमीच्या आकड्यांत, ६३ ला ७ ने. सहाचे जसे गट पडतात तसे कुठल्याही संयुक्त घातांकाचे पडतात. पण उलटं खरं नाही. ११ मूळ आहे, तरी म(११) म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. फसवणूक इथून सुरू होते.

मर्सेन स्वतःच फसला. १६४४ साली त्याने जाहीर केलं की २५७ पर्यंत फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हेच घातांक चालतात. यात ६७ आणि २५७ चुकीचे निघाले आणि ६१, ८९, १०७ सुटले. चुका कशा झाल्या असाव्यात ते या आकड्यांकडे नीट पाहिलं की कळतं. ३, ५, ७, १७, ३१, १२७ हे सगळे २ च्या कुठल्या ना कुठल्या घाताला खेटून आहेत, एकाने कमी किंवा एकाने जास्त. १३ आणि १९ हे १६ च्या तीन अलीकडे-पलीकडे. ६७ म्हणजे ६४ अधिक ३, २५७ म्हणजे २५६ अधिक १. महाशयांना एक नक्षी दिसली असावी आणि त्यांनी ती पुढे ओढली, असा अंदाज बरेच जण करतात. ८९ आणि १०७ त्या नक्षीत बसतच नाहीत. म(६७) फुटते हे फ्रान्सच्या ल्युकाने १८७६ मध्येच दाखवलं होतं, पण तिचे विभाजक मिळायला १९०३ उजाडलं. अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोल यांनी एका सभेत, अक्षरही न बोलता, फळ्यावर १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार करून दाखवला अशी गोष्ट सांगतात.

आता लाखो, कोटी अंकांची संख्या मूळ आहे हे तपासायचं कसं? एकेका संख्येने भाग देऊन बघणं विश्वाच्या आयुष्यातही संपणार नाही. सुदैवाने मर्सेन संख्यांसाठी ल्युका आणि पुढे लेमर यांनी बसवलेली एक अफलातून चाचणी आहे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, संख्येने भागून बाकी ठेवा. पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. म(७) वर कागदावर करून बघा. ४ चा वर्ग १६, वजा २, राहिले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, त्यातून १२७ गेले, ६७. ६७ वरून ४२. ४२ वरून १११. १११ चा वर्ग १२,३२१, वजा २ म्हणजे १२,३१९, आणि हे बरोबर १२७ × ९७. बाकी शून्य. पाच पायऱ्या, निकाल हातात. हेच म(११) वर केलंत तर नवव्या पायरीला १,७३६ उरतात, आणि २३ किंवा ८९ यांचं नावही न घेता आपल्याला कळतं की संख्या फुटते.

१९५२ मध्ये राफाएल रॉबिन्सन यांनी ही चाचणी संगणकावर चालवली आणि एका वर्षात पाच नव्या संख्या काढल्या. पहिल्या दोन तर एकाच दिवशी. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी 'गिम्प्स' हा प्रकल्प सुरू केला: कोणीही घरच्या संगणकावर प्राइम९५ हा मोफत प्रोग्राम चालवायचा, एक घातांक मागून घ्यायचा आणि निकाल कळवायचा. मुंबईच्या मे महिन्यात हा उद्योग करणाऱ्याने पंख्याची घरघर आणि विजेचं बिल दोन्ही गृहीत धरावं. बावन्नावी संख्या, म(१३,६२,७९,८४१), १२ ऑक्टोबर २०२४ ला ल्यूक ड्युरंट यांच्या खटपटीतून सापडली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला ३,००० अंक छापले तरी साडेतेरा हजारांवर पानं लागतील.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. "गर्दी" म्हणण्याआधी अंतर कसं मोजायचं ते ठरवावं लागतं. वजाबाकीने मोजलं तर गंमत होते. या यादीतली सगळ्यात चिकटलेली मोठी जोडी म्हणजे ४,२६,४३,८०१ आणि ४,३१,१२,६०९, फरक ४,६८,८०८. उलट २,१६,०९१ नंतर थेट ७,५६,८३९ येतो, ती यादीतली कुप्रसिद्ध पोकळी; फरक ५,४०,७४८. म्हणजे जिला आपण चिकटलेली म्हणतो ती जोडी आणि जिला पोकळी म्हणतो ती जागा वजाबाकीच्या हिशोबात जवळपास सारख्याच! हिशोबच चुकीचा आहे. दोन लाखांवरून साडेसात लाखांवर जाणं म्हणजे साडेतीनपट होणं; सव्वाचार कोटींच्या पुढे पावणेपाच लाख म्हणजे एक टक्का. इथे पट मोजायची, फरक नाही.

म्हणून आम्ही पट्टी केली. दादरच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून बिलाच्या मशीनला लावतात तो कागदी रोल आणला आणि नियम ठरवला: घातांक दुप्पट झाला की १० सेंटीमीटर पुढे. २ पासून ४ पर्यंत १० सेंटीमीटर, ४ पासून ८ पर्यंत पुढचे १०, असं करत १३ कोटी ६२ लाखांपर्यंत पोचायला २ मीटर ६० सेंटीमीटर लागले. (मुंबईच्या घरात एवढी सलग रिकामी भिंत मिळणं हा वेगळा प्रश्न. पट्टी शेवटी जिन्यात लागली आणि येणारे-जाणारे सगळे तिच्याबद्दल विचारू लागले.)

पट्टीवर पाहिलं की चित्र बदलतं. १२७ आणि ५२१ यांच्यात २० सेंटीमीटर मोकळे. ती साडेतीनपटीची पोकळी १८ सेंटीमीटरची. चिकटलेली जोडी दीड मिलिमीटरवर. पेनचं टोक जाड असेल तर दोन खुणांची एकच होते. ८,२५,८९,९३३ ही डिसेंबर २०१८ मध्ये सापडली आणि पुढची यायला जवळजवळ सहा वर्षं गेली, तेव्हा "एवढा मोठा खंड" म्हणून बरीच चर्चा झाली. पट्टीवर तो खंड फक्त ७.२ सेंटीमीटर आहे. आणि ते आठ? साडेदहा सेंटीमीटरच्या आत आठही. म्हणजे गर्दी आहेच, पट्टीनेही ती पुसली नाही.

मग सरासरी किती असायला हवी? याचा तर्क डोनाल्ड गिलीज यांनी १९६४ मध्ये मांडायला घेतला, पोमरन्स आणि लेन्स्ट्रा यांनी तो सुधारला आणि १९८३ मध्ये सॅम्युएल वॅगस्टाफ यांनी छापून आणला. गाभा असा. कुठल्याही प्रचंड संख्येच्या आसपास मूळ संख्या मिळण्याची शक्यता त्या संख्येच्या लॉगरिदमच्या (ढोबळमानाने, तिच्यात किती अंक आहेत त्याच्या) उलट प्रमाणात असते. घातांक दहा कोटी असेल तर ती साधारण ७ कोटींत एक. पण मर्सेन संख्येला एक सवलत आहे: तिला भाग जायचाच असेल तर तो घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्येनेच जातो. ११ साठी २३ (२२ अधिक १) आणि ८९ (८८ अधिक १), बघा बसतंय का. म्हणजे ३, ५, ७ पासून वीस कोटींपर्यंतच्या सगळ्या छोट्या विभाजकांचा धोका जन्मतःच टळलेला. एवढी सवलत धरली की शक्यता सुमारे ३४ पटीने वाढते आणि २० लाखांत एकच्या आसपास येते. दहा कोटी ते वीस कोटी या टप्प्यात ५३ लाख मूळ घातांक आहेत, आणि घातांक वाढतो तशी शक्यता घटत जाते. ते सगळं जमेस धरलं की उत्तर येतं: दर दुपटीला सरासरी १.७८ मर्सेन मूळ संख्या. कुठलीही दुप्पट घ्या, पट्टीच्या सुरुवातीची की शेवटची, उत्तर तेच. पट्टीवर दोन खुणांमधलं सरासरी अंतर ५.६ सेंटीमीटर यायला हवं. आमच्या पट्टीवर ५.१ भरलं. या सूत्राने आतापर्यंत ४८ संख्या मिळायला हव्या होत्या, मिळाल्यात ५२. सिद्ध न झालेल्या तर्काला याहून चांगला निकाल मिळणं कठीण.

पण सरासरी म्हणजे ठरावीक अंतर नव्हे, आणि घोळ नेमका इथेच होतो. जूनमध्ये पहिल्या सरीचे थेंब गच्चीवरच्या कोरड्या लाद्यांवर पडतात ते आठवा. एकेका लादीवर एकेक थेंब असं कधी होत नाही. काही लाद्यांवर तीन-चार पडतात, शेजारची कोरडी ठणठणीत राहते. प्रत्येक लादीवर मोजून एकच थेंब पडला असता तर मात्र मी घाबरून वर बघितलं असतं, कोण टाकतंय म्हणून. निव्वळ योगायोगाने पडणाऱ्या गोष्टी घोळक्यातच पडलेल्या दिसतात, आणि घोळके किती, पोकळ्या किती याचंही गणित आहे.

ते गणित आमच्या पट्टीला लावलं. ५२ खुणांमध्ये ५१ अंतरं. खुणा योगायोगाने पडल्या असतील तर ७ मिलिमीटरपेक्षा कमी अंतरं साधारण सहा असायला हवीत. मोजली: २२०३–२२८१, ४२५३–४४२३, ९६८९–९९४१, मग तीस लाखांजवळची एक, सव्वाचार कोटींजवळची ती दीड मिलिमीटरवाली आणि साडेसात कोटींजवळची एक. सहा. १८ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या पोकळ्या दोन अपेक्षित. आहेत दोन, वर सांगितलेल्या. इतकं तंतोतंत जुळणं हाही थोडा नशिबाचाच भाग, मर्यादा जरा इकडे-तिकडे सरकवली तर एक-दोनचा फरक पडतो. पण बेटांचा सिद्धांत खरा असता तर चिकटलेल्या जोड्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त निघायला हव्या होत्या. तशा त्या नाहीत.

राहिले ते आठ. साडेदहा सेंटीमीटरचा एक तुकडा आधीच ठरवून घेतला तर त्यात सरासरी १.८५ खुणा याव्यात. आठ किंवा जास्त येण्याची शक्यता १,५०० मध्ये एक. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्या मुलाने तुकडा आधी ठरवला नव्हता. त्याने पूर्ण यादी पाहिली, जिथे गर्दी दिसली तिथे लाल गोल काढले, आणि गोलाची सुरुवात नि शेवट खुणांवरच बेतले. तसं करायची मुभा असेल तर हा तुकडा ५२ पैकी कुठल्याही खुणेपासून सुरू होऊ शकतो. तो हिशोब धरला की पट्टीवर कुठे ना कुठे असा घोळका दिसण्याची शक्यता दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात जाते. रोज घडणारी गोष्ट नाही, पण यासाठी निसर्गाचा नवा नियम शोधायची गरजही नाही. मुलगा यावर पूर्ण खूश नव्हता. "म्हणजे कारण नाहीच असं तुम्ही सिद्ध केलं नाही, काका," म्हणाला. बरोबर बोलला. सिद्ध केलं नाही. एवढंच की कारणाशिवायही हे चित्र आरामात जमतं.

शोधण्याच्या क्रमानेही भास वाढतो. संख्या लहानाकडून मोठीकडे अशा शिस्तीत सापडत नाहीत. १,३२,०४९ ही १९८३ मध्ये आणि २,१६,०९१ ही १९८५ मध्ये सापडली, तर त्यांच्याही आधीची १,१०,५०३ तब्बल १९८८ मध्ये; सगळ्यांच्या नजरेतून निसटली होती. २००८ मध्ये ४,३१,१२,६०९ सापडली आणि दोनच आठवड्यांत तिच्यापेक्षा लहान ३,७१,५६,६६७. एकाच महिन्यात दोन बातम्या आल्या की मनात आपोआप बेट तयार होतं. आजही शेवटच्या काही घातांकांमधल्या जागेची दुसऱ्यांदा तपासणी पूर्ण झालेली नाही, त्यामुळे पुढे एखादी खूण मध्येच टपकली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

मग नक्षी अजिबातच नाही का? एक आहे, फिकट, आणि तिचं कारण माहीत आहे. मर्सेन संख्येच्या विभाजकावर आणखी एक अट असते: त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. आता घातांकाला ४ ने भागून ३ उरत असतील, जसे ११, २३, ८३, तर दुपटीत १ मिळवून येणारी संख्या या अटीत बसते, आणि ती मूळ असेल तर खात्रीने भाग जातो: ११ ला २३, २३ ला ४७, ८३ ला १६७. ज्या घातांकाला ४ ने भागून १ उरतो, उदाहरणार्थ २९, त्याच्यासाठी ५९ मूळ असूनही ५९ ला ८ ने भागल्यावर ३ उरतात, म्हणून तो धोका नाहीच. (म्हणून म(२९) वाचते असं नाही, तिला २३३ खातो.) पहिल्या दारातला एक शत्रू कमी, म्हणून १ बाकीवाल्या घातांकांना किंचित जास्त संधी. २ सोडून ५१ घातांकांची तर्काप्रमाणे वाटणी २७ विरुद्ध २४ अशी यायला हवी. प्रत्यक्षात ३२ विरुद्ध १९ आहे आणि शेवटचे सात लागोपाठ १ बाकीवाले आहेत. झुकाव खरा, त्याचा आकार मात्र थोडा नशिबाने फुगलेला. एवढा किंवा याहून मोठा झुकाव साधारण आठात एकदा दिसेल. मला विचाराल तर त्या लाल गोलांपेक्षा ही गोष्ट जास्त रंजक आहे, कारण हिच्या मागे यंत्रणा आहे आणि ती शाळेतल्या भागाकाराने समजते.

या सगळ्याखाली सिद्धतेचा पाया नाही हेही सांगायला हवं. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की ५२ वरच संपल्या, कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. इतकंच काय, घातांक मूळ असूनही फुटणाऱ्या, म(११) सारख्या, मर्सेन संख्या अनंत आहेत हेही सिद्ध झालेलं नाही, आणि अशा तर ढिगाने सापडतात. वॅगस्टाफचं सूत्र आकड्यांशी जुळतं, बस. गणितात जुळणं आणि सिद्ध होणं यात फार मोठी दरी असते.

पुढची खूण कुठे पडेल? "बराच काळ आली नाही, आता येईलच" हा हिशोब इथे चालत नाही. योगायोगाला मागचं काही आठवत नसतं. १३ कोटी ६२ लाखांच्या पुढे कुठूनही मोजा, पुढची खूण सरासरी ५.६ सेंटीमीटरवर. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दहा कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येसाठी दीड लाख डॉलरचं बक्षीस ठेवलंय. मर्सेन संख्येने ते पटकवायचं तर घातांक सुमारे ३३ कोटी २२ लाखांच्या पुढे लागतो, म्हणजे पट्टी आणखी १३ सेंटीमीटर लांबवायची. त्या तुकड्यात सरासरी दोन-तीन खुणा अपेक्षित आहेत, आणि एकही न येण्याची शक्यता दहात एक.